प्रश्नावलीत ड्यूटीचा रकाना कुठे आहे?

फेब्रुवारी २०२१ आठवा. रुग्ण वाढले आणि अमरावती-अकोल्यात पुन्हा लॉकडाऊन लागला. त्या काळातल्या निवासी डॉक्टरांच्या मानसिक आरोग्यावर संशोधन करायचं म्हटलं, की एक पेपर हमखास हाती येतो: २०२० चा, 'जामा नेटवर्क ओपन'मधला. चीनमधली ३४ रुग्णालयं, १२५७ कर्मचारी, ५०.४ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं.

पेपर चांगलाच आहे, पण नीट वाचा. १२५७ पैकी डॉक्टर ४९३, बाकी परिचारिका. माहिती सहा दिवसांत गोळा केलेली. आणि प्रश्नावलीत लक्षणं दिसली म्हणजे निदान झालं असं नाही.

हाच साचा इथं जसाच्या तसा उचलला तर काय सुटतं बघा. नीट-पीजी १८ एप्रिल २०२१ ला होणार होती, झाली ११ सप्टेंबरला. प्रवेश २०२२ पर्यंत लांबले. ज्युनिअर बॅच आलीच नाही, त्यांचं काम सिनिअरांवर. सर्जरी शिकायला आलेला निवासी कोविड वॉर्डात असेल, तर त्याचं शिकणंही बुडालं. 'झोप लागते का?' याचं उत्तर मिळतं; झोपायला वेळ होता का, हे कळत नाही. मग उपाय म्हणून ध्यानाचं शिबिर सुचवलं जातं आणि ड्यूटीचं वेळापत्रक तसंच राहतं.

म्हणून विषय घेताना प्रश्नावलीसोबत ड्यूटीचे तास, हुकलेल्या शस्त्रक्रिया आणि रिकाम्या जागाही मोजा. टक्केवारी छापून येईल हो. पण ती वाचून वेळापत्रक बदलता येईल का, हे आधी स्वतःला विचारा.