समुद्राला लातूर पॅटर्न नाही

लातूर-नांदेडात ‘तयारी’ हा शब्द एकटाच पुरतो. ‘पोरगं काय करतंय?’ ‘तयारी करतंय.’ कशाची, हे कुणी विचारत नाही. नीट असेल, जेईई असेल, नाहीतर एमपीएससी. लातूरचा ट्यूशन एरिया आणि नांदेडचं भाग्यनगर, श्यामनगर हे सगळं याच एका शब्दावर उभं आहे. मेस, झेरॉक्स, कॉटबेसिसच्या खोल्या, अभ्यासिका आणि भिंतीवर टॉपरांचे फोटो. या गावांनी तयारीचं एक शास्त्रच बनवलं, त्याला ‘लातूर पॅटर्न’ असं नाव मिळालं आणि त्यातून हजारो घरांचं नशीब खरंच पालटलं. त्यामुळे त्याची टर उडवायचं कारण नाही. मात्र या शास्त्रात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. प्रश्न कुठून येणार हे माहीत आहे, ते आधीही आलेले आहेत, आणि पुरेशा वेळा सोडवले की परीक्षेत नवं काही उरत नाही.

प्रश्नच माहीत नसेल तर तयारी कशाची करायची? कमांडर दिलीप दोंदे यांचं ‘द फर्स्ट इंडियन’ हे पुस्तक मराठवाड्यात बसून वाचावं ते या प्रश्नासाठी. पुस्तक मूळ इंग्रजीत आहे. एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला भारतीय, अशी दोंदे यांची ओळख. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते ‘म्हादेई’ नावाची ५६ फुटी बोट घेऊन मुंबईहून निघाले. ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, न्यूझीलंडमधलं लिटलटन, फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅनली आणि केपटाउन असे चार थांबे घेऊन मे २०१० मध्ये ते मुंबईला परत आले. साधारण नऊ महिने. या प्रवासाची सुरुवात मात्र २००६ सालची आहे. म्हणजे नऊ महिन्यांच्या प्रवासामागं तीन वर्षांहून जास्त तयारी. पुस्तकातली सगळ्यात चांगली पानं या तीन वर्षांची आहेत. वादळं आणि केप हॉर्न नंतर येतात, आणि खरं सांगायचं तर वाचताना त्यांची तितकी ओढही वाटत नाही.

कल्पना निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. प्रदक्षिणा भारतीयानं करायची, एकट्यानं करायची, आणि बोटही भारतात बांधलेली हवी. नौदलानं माणूस शोधला, दोंदे ‘हो’ म्हणाले. ते नौदलातले अधिकारी, पाणबुड्याचं काम केलेले. हे ऐकून वाटतं, मग अवघड काय होतं? पण शेकडो माणसांच्या पोलादी जहाजावर काम करणं वेगळं आणि शिडं, सुकाणू, इंजिन, स्वयंपाक, दुरुस्ती, झोप हे सगळं एकट्यानं महिनोन्‌महिने सांभाळणं वेगळं. या दुसऱ्या विद्येत दोंदे नवशिके होते. बोट बांधायचं काम घेतलं गोव्यात दिवाडी बेटावर फायबरग्लासच्या बोटी बांधणाऱ्या रत्नाकर दांडेकर यांनी. समुद्रप्रदक्षिणा करू शकेल अशी शिडाची बोट त्यांनीही आधी कधी बांधली नव्हती.

एकानं हे कधी केलं नाही आणि दुसऱ्यानं ते कधी बांधलं नाही. हे पुस्तक खरं तर या दोन नवशिक्यांच्या जोडीचं आहे, आणि त्याचं नाव इथं थोडं फसवतं. ‘फर्स्ट इंडियन’ म्हटलं की डोळ्यांसमोर एकटा माणूस येतो, पुतळ्याच्या चौथऱ्यावर असतो तसा. आत मात्र पानोपानी दुसरी माणसं आहेत. आराखडा डच, व्हॅन द श्टाट या कंपनीचा. लाकडाचा गाभा आणि त्यावर फायबरग्लास, असा बोटीचा सांगाडा. कामावर सल्ला देणारे योहान फेल्सही डच. आणि शिकवायला सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. १९६८-६९ मध्ये कुठंही न थांबता एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारा हा पहिला माणूस. त्यांची ‘सुहेली’ ही बोट मुंबईत, इथल्या सुतारांच्या हातची. दोंदे त्यांच्याकडं गेले, त्यांच्या बोटीच्या तयारीत हाताखाली राबले, बघत शिकले. ‘मला येत नाही, दाखवा’ हे वाक्य जो माणूस रोज म्हणू शकतो तोच अशी तयारी करू शकतो, हे या पानांतून कळत जातं. दोंदे ते उपदेश म्हणून सांगत नाहीत, म्हणून ते पटतं.

आपल्याकडच्या टॉपरच्या मुलाखतीशी याची तुलना करून बघा. तीही तयारीचीच गोष्ट असते. रोज किती तास, कुठल्या नोट्स, मोबाइल कधी बंद केला. पण ती निकालानंतर सांगितलेली असते, त्यामुळे तिच्यातलं सगळं बरोबरच ठरतं. पहिल्या वर्षी गोंधळलेला, काय विचारावं हेही न सुचणारा मुलगा तिच्यात दिसत नाही. दोंदेंच्या पुस्तकात तो दिसतो. बोट आणि खलाशी एकाच वेळी तयार होतात. बोटीची प्रत्येक वायर, प्रत्येक पाइप कुठून जातो हे माहीत हवं, कारण भर समुद्रात मिस्त्री बोलावता येत नाही. म्हणून बोट बांधली जात असताना तिच्याजवळ असणं हाच अभ्यास. यासाठी टेस्ट सिरीज नसते. २००९ मध्ये बोट पाण्यात उतरल्यावर मॉरिशसपर्यंत जाऊन यायचं ठरलं आणि येताना दोंदे एकटे आले. परीक्षेआधीची ती एकच पूर्वपरीक्षा, आणि तीही खऱ्या समुद्रात.

आता पुस्तकात काय खटकतं ते. दोंदेंची भाषा फौजी मेसमधल्या गप्पांची आहे. मिश्कील, आटोपशीर, स्वतःवर हसणारी. वाचायला गोड, पण भीती जवळ आली की हीच भाषा आड येते. माणूस घाबरला असेल तिथं विनोद होतो आणि पान उलटतं. इतके दिवस एकटं राहिलेल्या माणसाच्या आत काय चाललं होतं, ते जेवढं कळायला हवं तेवढं कळत नाही. एका खोलीत दोन वर्षं पुस्तकांसोबत काढलेल्या, दुसऱ्यांदा रिपीट करणाऱ्या पोराला नेमकं तेच वाचायचं असतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या साहसाच्या पाठीशी नौदल होतं. पगार चालू होता, बोटीचे पैसे संस्थेचे होते, अपयश आलं असतं तरी नोकरी राहिली असती. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, उलट देशानं अशा गोष्टींवर खर्च करावाच. पण ‘मनात आणलं की जमतं’ असा अर्थ कुणी या पुस्तकातून काढला तर तो चुकीचा ठरेल. नवशिकं असणं परवडावं लागतं. औशाच्या किंवा मुखेडच्या ज्या बापानं क्लासच्या फीसाठी कर्ज काढलंय, त्याच्या लेकराला ‘चुकून बघ, शिकशील’ असं म्हणणं सोपं नाही. दोंदेंना चुकायची मुभा होती. पुस्तकाला या मुभेची किंमत पुरेशी जाणवत नाही.

तिसरा आक्षेप एकट्या या पुस्तकावर नाही, साहसकथा या सगळ्या प्रकारावर आहे. पुस्तक लिहितो तो परत आलेला. १९६६ च्या उन्हाळ्यात दोन ब्रिटिश जोड्या वल्ही मारत अटलांटिक पार करायला अमेरिकेच्या किनाऱ्यावरून निघाल्या. जॉन रिजवे आणि चे ब्लाइथ हे दोघं पॅराशूट रेजिमेंटचे सैनिक. त्यांची बोट वीस फुटांची उघडी डोरी, म्हणजे मच्छीमार वापरतात तशी. ते ९२ दिवसांनी आयर्लंडजवळच्या बेटाला लागले. दुसरी जोडी डेव्हिड जॉन्स्टन आणि जॉन होअर. त्यांच्या ‘पफिन’चा आराखडा कॉलिन म्युडी या नामवंत डिझायनरनं खास या कामासाठी केला होता. काही आठवड्यांनी ती बोट समुद्रात उलटी तरंगताना सापडली. रोजनिशी मिळाली, माणसं मिळाली नाहीत. बोटीचा विचार जास्त झाला होता तो ‘पफिन’वर. आपल्या भिंतींवर फक्त रिजवे-ब्लाइथचे फोटो लागतात आणि त्या फोटोंकडं बघून आपण तयारीचे नियम ठरवतो. पुढं १९६८ मध्ये हेच रिजवे आणि ब्लाइथ वेगवेगळ्या बोटींतून पृथ्वीप्रदक्षिणेच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. दोघांनाही ती सोडावी लागली. नऊ जणांपैकी पूर्ण केली एकट्या नॉक्स-जॉन्स्टन यांनी. माघार घ्यायची वेळ ओळखणं हाही तयारीचाच भाग असेल, तर त्याचा तास आपल्याकडं कुठल्या क्लासमध्ये होतो?

‘जोडी’ या शब्दाचा अर्थही समुद्रावर बदलतो. वल्ह्यांनी महासागर पार करणाऱ्या जोड्या बहुतेक वेळा दोन तास वल्हवणं, दोन तास विश्रांती असं चक्र चालवतात, दिवस-रात्र. कॅनरी बेटांतल्या ला गोमेरापासून कॅरिबियनमधल्या अँटिग्वापर्यंत साधारण ४,८०० किलोमीटर असं जायचं. म्हणजे दोघं एकाच बोटीत, पण एक जागा तेव्हा दुसरा झोपलेला. आपल्या झोपेची जबाबदारी दुसऱ्यावर टाकता येणं, ही त्या जोडीची खरी परीक्षा. २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून ‘तारिणी’ बोटीतून निघालेल्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. यांनी शिडाच्या बोटीवर हेच आठ महिने केलं. त्या निघण्याआधी तीन वर्षं तयारी करत होत्या. त्यांना शिकवलं अभिलाष टॉमी यांनी. हे टॉमी म्हणजे दोंदेंच्या मोहिमेत किनाऱ्यावरून मदत करणारे, आणि पुढं २०१२-१३ मध्ये न थांबता प्रदक्षिणा करणारे. त्याआधी २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’वरूनच प्रदक्षिणा केली, त्यांना दोंदेंनी तयार केलं होतं. आणि ‘तारिणी’ बांधली कुणी? त्याच दांडेकरांच्या यार्डानं. दोंदेंचं पुस्तक आज उघडताना ही साखळी डोक्यात ठेवावी. ‘पहिला’ या शब्दाला वजन येतं ते मागून दुसरा, सातवा, नववा आला म्हणून. येत नसलेलं शिकून ते पुढं देणारा माणूस टॉपरच्या पोस्टरवर कधी दिसत नाही.

हे सगळं समुद्र असलेल्यांचं, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. नांदेडला गोदावरी आणि विष्णुपुरी तरी आहे. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या फेरीत दहा वाघिणींत पाच लाख लिटर. पण पाण्याच्या बाबतीत लातूरकर आणि महासागरातला वल्हवणारा फार लांबचे नाहीत. त्याच्या चारी बाजूंना पाणी आणि पिण्याला थेंब नाही. खारं पाणी गोडं करणारं यंत्र सौरऊर्जेवर चालतं, ते बिघडलं की हातपंप मारत पाणी काढायचं आणि घोटाघोटाचा हिशेब ठेवायचा. हंडे नंबरात लावलेल्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. आणि दत्तू भोकनळ आठवा. चांदवड तालुक्यातल्या दुष्काळी गावातला, वडिलांबरोबर विहिरी खोदलेला मुलगा सैन्यात गेल्यावर पहिल्यांदा वल्हं हातात धरतो आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये तेरावा येतो. दोन वर्षांनी एशियाडमध्ये चौघांच्या बोटीत सुवर्णपदक. पाणी नसलेल्या गावाहून पाण्यापर्यंत वाट जाते. मात्र त्यालाही मुभा दिली ती सैन्यानंच, हेही विसरू नये.

म्हणून ‘द फर्स्ट इंडियन’ प्रेरणेसाठी वाचू नका. प्रेरणा फोनवर फुकट मिळते, रोज सकाळी ग्रुपवर येते. हे पुस्तक पद्धतीसाठी वाचा: काय येत नाही याची यादी कशी करायची, ज्याला येतं त्याच्या दारात कसं जायचं, आणि आपल्याइतक्याच नवख्या माणसावर भरवसा ठेवून काम कसं सुरू करायचं. भीतीबद्दल ते कमी बोलतं आणि पैशाबद्दल त्याहून कमी. त्या दोन जागा रिकाम्या आहेत. कर्ज काढून तयारी करणाऱ्या आणि एक-दोनदा बुडून वर आलेल्या कुणी ते पुस्तक लिहायला हवं, आणि ते ट्यूशन एरियातल्या एखाद्या खोलीतून यायला काहीच हरकत नाही. निकाल कसाही लागो, फक्त तो लागायच्या आधी लिहायला घ्या.