'रिस्पेक्ट' : एका गीताचे दोन कर्ते

एखादे गीत कोणाचे, या प्रश्नाला आपण सहसा दोन उत्तरे देतो : ज्याने ते रचले त्याचे, किंवा ज्याने ते प्रथम गायिले त्याचे. अमेरिकन सोल संगीतातील 'रिस्पेक्ट' या गीताच्या बाबतीत ही दोन्ही उत्तरे ओटिस रेडिंग या एकाच नावापाशी येऊन थांबतात. तरीही जगभरातील बहुसंख्य श्रोते हे गीत अरेथा फ्रँकलिन यांचे म्हणूनच ओळखतात. रूढ परिभाषेनुसार फ्रँकलिन यांचे गायन हे 'कव्हर', म्हणजे दुसऱ्याच्या गीताचे पुनर्गायन ठरते. ही परिभाषा या गीतापुरती तरी अपुरी कशी पडते आणि त्या अपुरेपणाची किंमत कोणाला मोजावी लागली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

'कव्हर' हा शब्द अमेरिकेत निर्मळ इतिहास घेऊन आलेला नाही. १९५० च्या दशकात कृष्णवर्णीय गायकांची लोकप्रिय होऊ लागलेली गीते गोऱ्या गायकांकडून नव्याने गाऊन घ्यावयाची आणि गोऱ्या ग्राहकांना विकावयाची, ही तबकडी-व्यवसायातील सर्रास चालणारी रीत होती. फॅट्स डॉमिनो आणि लिटल रिचर्ड यांची गीते पॅट बून यांनी गायिली ती याच काळात. या पार्श्वभूमीवर 'रिस्पेक्ट'चा प्रवास वेगळा आहे. येथे एका कृष्णवर्णीय पुरुषाचे गीत एका कृष्णवर्णीय स्त्रीने घेतले आणि घेताना त्यातील बोलणारी व्यक्तीच बदलून टाकली.

रेडिंग यांनी हे गीत १९६५ साली मेम्फिस येथील स्टॅक्स या संस्थेसाठी ध्वनिमुद्रित केले. त्याच वर्षीच्या 'ओटिस ब्लू' या संग्रहात ते समाविष्ट आहे. गीताचा मूळ आराखडा त्यांच्या एका सहकाऱ्याने संथ लयीतील गीत म्हणून आणला होता आणि रेडिंग यांनी त्याचे शब्द व लय बदलून ते आपलेसे केले, असे सांगितले जाते. तसे असेल तर ज्याला आपण 'मूळ' म्हणतो तेही एक रूपांतरच ठरते. रेडिंग यांच्या गायनात घाई आहे. ड्रमचा ठोका आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनचे तुटक आघात त्यांना पुढे ढकलत राहतात. शब्दांतील प्रसंग साधा आहे. कामावरून घरी परतणारा पुरुष आपल्या स्त्रीला हवे ते सारे देऊ करतो, आपल्या गैरहजेरीत ती कशीही वागली तरी डोळेझाक करण्याची तयारी दाखवितो आणि त्या बदल्यात घरी आल्यावर मान मागतो. हा कमावत्या पुरुषाचा युक्तिवाद आहे. रेडिंग यांच्या आवाजातील आर्जवामुळे तो उद्दाम वाटत नाही, ही त्यांची कमाल. बिलबोर्डच्या ऱ्हिदम अँड ब्लूज सूचीत हे गीत चौथ्या आणि सर्वसाधारण सूचीत ३५ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. १९६६ साली मिशिगनमधील 'द रॅशनल्स' या तरुण गोऱ्या वाद्यवृंदानेही ते गायिले. पण त्याने गीताच्या अर्थात विशेष भर पडली नाही.

फ्रँकलिन यांचे ध्वनिमुद्रण १४ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्क येथे अटलांटिक या कंपनीच्या स्टुडिओत झाले. निर्माते होते जेरी वेक्सलर. कोलंबिया या कंपनीत सुमारे सहा वर्षे काढूनही त्यांच्या आवाजाला तेथे त्याचे हक्काचे घर सापडले नव्हते. त्यांचे वडील सी. एल. फ्रँकलिन हे डेट्रॉइट येथील न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे विख्यात धर्मोपदेशक होते आणि अरेथा यांचे गाणे त्या चर्चमध्ये घडले होते. एकाने हाक द्यावी आणि समुदायाने प्रतिसाद द्यावा, ही तेथील गायनाची रीत 'रिस्पेक्ट'मध्ये जशीच्या तशी उतरली आहे. मात्र येथे समुदायाच्या जागी कॅरोलिन आणि अर्मा या त्यांच्या दोन बहिणी आहेत.

फ्रँकलिन यांनी केलेले बदल बारकाईने पाहण्यासारखे आहेत. रेडिंग यांच्या गीतात नसलेली एक गोष्ट येथे सर्वांत प्रसिद्ध झाली, ती म्हणजे शीर्षकातील शब्दाची सात अक्षरे सुटी सुटी उच्चारणे. एरव्ही मुलाला शब्द शिकविताना आपण अक्षरे सुटी करून सांगतो. येथे एक स्त्री एका प्रौढ पुरुषाला शब्द शिकवीत आहे. त्यातील विनोद आणि धाक हे दोन्ही एकाच वेळी ऐकू येतात. दुसरी भर बहिणींची. त्या काळच्या बोलीतील एक चटपटीत वाक्प्रयोग त्या अतिशय जलद लयीत पुनःपुन्हा म्हणतात. तिसरी गोष्ट म्हणजे मध्यंतरीचा भाग. सॅम आणि डेव्ह यांच्या एका गीतातील स्वरसंगती उचलून त्यावर किंग कर्टिस यांचे सॅक्सोफोनवादन योजले आहे. गीत येथे आपल्या मूळ स्वरापासून एकदम दूर जाते आणि तितक्याच अचानक परत येते.

शब्दांतील बदल मोजके आहेत, पण निर्णायक आहेत. पुरुषाच्या गैरहजेरीत आपण गैर वागणार नाही, असे ही स्त्री सांगते. आणि त्याचे कारण त्याची भीती नसून तिची स्वतःची इच्छा आहे. पैसाही आता तिचा आहे आणि तो ती त्याच्या हाती देणार आहे. रेडिंग यांच्या गीतात मान हा पैशाचा मोबदला होता. येथेही देवघेव आहेच. ती संपलेली नाही. पण देणारा हात बदलल्याबरोबर मागणीचा स्वर बदलतो. पार्श्वगायिका मागणी किती माफक आहे हे वारंवार सांगत राहतात, आणि फ्रँकलिन यांचा आवाज मात्र कोणत्याही अर्थाने माफक नाही. या विसंगतीतच गीताचा प्राण आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

जून १९६७ मध्ये हे गीत बिलबोर्डच्या सूचीत दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. १९६८ साली त्याला दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. नागरी हक्कांची चळवळ आणि स्त्रीमुक्तीची चळवळ या दोहोंनी ते आपले मानले. जुलै १९६७ मध्ये डेट्रॉइट पेटले तेव्हा हे गीत लोकांच्या कानात ताजे होते. मात्र अनेक अभ्यासक गीताचे हे सार्वजनिक जीवनच त्याचा अर्थ म्हणून मांडतात, ते पूर्णतः पटत नाही. गीत अखेरपर्यंत घराच्या उंबरठ्यावरच उभे आहे. त्यात ना सभा आहे ना मोर्चा. घरातील मानाची मागणी आणि रस्त्यावरील मानाची मागणी या एकाच शब्दाने करता येतात, हे श्रोत्यांनी ओळखले. त्याचे श्रेय श्रोत्यांनाही दिले पाहिजे.

खुद्द रेडिंग यांनी ही गोष्ट उमदेपणाने स्वीकारली. जून १९६७ मधील माँटेरी येथील महोत्सवात हे गीत सादर करताना, एका मुलीने ते आपल्यापासून नेले, असे त्यांनी हसत सांगितले. त्याच वर्षी १० डिसेंबर रोजी विमान अपघातात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे २६ वर्षांचे होते. पुढे १९८८ साली कंट्री गायिका रीबा मॅकेंटायर यांनी आणि १९८९ साली अडिवा यांनी हाउस या नृत्यसंगीताच्या ठेक्यावर हे गीत गायिले. या गायिकांसमोर आदर्श म्हणून १९६५ ची तबकडी नव्हती, १९६७ ची होती. वंशावळ मांडावयाची झाल्यास मूळपुरुषाच्या जागी दुसरीच व्यक्ती, तीही स्त्री, बसलेली दिसते.

कायद्याने मात्र ही वंशावळ मान्य केलेली नाही. गीतकार म्हणून नोंद रेडिंग यांचीच आहे. सुटी अक्षरे, बहिणींची भर, मध्यंतरीचा भाग यांपैकी कशाचीही कर्तृत्वात गणना झाली नाही. अमेरिकेत नभोवाणी केंद्रे गीतकार व प्रकाशक यांना स्वामित्वधन देतात, गायकाला देत नाहीत. त्यामुळे अमेरिकन नभोवाणीवर हे गीत हजारो वेळा वाजूनही त्या प्रसारणापोटी फ्रँकलिन यांना काहीच मिळाले नाही. १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना डिजिटल प्रसारणापुरते संरक्षण देणारा कायदा ऑक्टोबर २०१८ मध्ये झाला. फ्रँकलिन यांचे निधन त्याच वर्षी १६ ऑगस्ट रोजी झाले होते.

आपल्याकडे एकच बंदिश अनेकांनी गावी हे गृहीतच असते आणि गवयाने तीत काय भरले यावर तिचे मोल ठरते. असे असताना भारतीय प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३१ सी वाचताना थबकावयास होते. या कलमान्वये पुनर्गायनाचा वैधानिक परवाना पहिल्या ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यानंतर पाच वर्षांनी मिळू शकतो. आणि तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला, हक्कधारकाच्या संमतीवाचून केलेला कोणताही बदल शब्दांत वा संगीतात चालत नाही. हा नियम 'रिस्पेक्ट'ला लावून पाहिल्यास, केवळ परवान्याच्या आधारे फ्रँकलिन यांना १९७१ पूर्वी हे गीत ध्वनिमुद्रित करता आले नसते, आणि त्यानंतरही ते रेडिंग यांच्याच शब्दांत, कमावत्या पुरुषाच्या तोंडचे म्हणून गावे लागले असते.