वंशाचे मौन : दूरचित्रवाणी मालिकांतील आंतरवंशीय प्रेमसंबंध

प्रस्तावना

श्वेतवर्णीय व श्वेतेतर व्यक्तींच्या विवाहास मनाई करणारे कायदे अमेरिकेतील सोळा राज्यांत १९६७ पर्यंत अस्तित्वात होते. ‘लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया’ खटल्यात १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले. त्यानंतरच्या काळात अशी जोडपी पडद्यावर क्रमाक्रमाने रुळली. त्यामुळे ‘अशी जोडपी दाखविली जातात का’ एवढाच प्रश्न आता पुरेसा नाही. त्या संबंधात वंशाविषयी कोण बोलते आणि कोणी बोलत नसेल तर त्या मौनाचे कारण प्रेक्षकाला कळते का, हे पाहणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात काही अमेरिकी व ब्रिटिश मालिकांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

बाह्य शक्तीचा आडोसा

‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या २२ नोव्हेंबर १९६८ रोजी प्रसारित झालेल्या भागात श्वेतवर्णीय कर्णधार कर्क आणि कृष्णवर्णीय अधिकारी उहुरा यांचे चुंबन आहे. अमेरिकी दूरचित्रवाणीच्या इतिहासात या प्रसंगाचा उल्लेख वारंवार होतो. परंतु कथानकात हे चुंबन दोघांच्या इच्छेने घडत नाही; परग्रहावरील सत्ताधारी आपल्या मानसिक सामर्थ्याने ते घडवून आणतात. दृश्य धाडसी आहे, पण त्याची जबाबदारी दोघांपैकी कोणावरच येत नाही. इच्छा नसल्यामुळे संबंध नाही आणि संबंध नसल्यामुळे वंशाविषयी संवादही नाही.

कारण असलेले मौन

पॉल स्कॉट यांच्या कादंबरी-चतुष्टयावर आधारित ‘द ज्युएल इन द क्राउन’ ही चौदा भागांची ब्रिटिश मालिका १९८४ मध्ये प्रसारित झाली. तिच्या आरंभी १९४२ च्या काल्पनिक मायापूर शहरातील डॅफ्नी मॅनर्स आणि हरी कुमार यांची प्रेमकथा आहे. इंग्लंडमधील शाळेत शिकलेला हरी भाषेने इंग्रज आहे, पण मायापूरच्या गोऱ्या समाजाला त्याचा केवळ वर्ण दिसतो. बिबीघर बागेत दोघांवर हल्ला होऊन डॅफ्नीवर अत्याचार होतो. त्या रात्री आपण एकत्र नव्हतो असेच सांगायचे, असे वचन ती हरीकडून घेते, कारण गोऱ्या स्त्रीसोबत आढळलेला भारतीय हाच गुन्हेगार ठरेल हे तिला ठाऊक आहे. पोलीस अधिकारी मेरिकच्या छळापुढेही हरी ते वचन मोडत नाही.

येथेही मौन आहे. परंतु ते कोणत्या सत्तेमुळे पाळावे लागते, हे प्रेक्षकाला स्पष्ट कळते. मालिकेच्या मर्यादा अर्थातच दुर्लक्षिता येत नाहीत. पुढे कथानक इंग्रज पात्रांकडे वळते आणि हरी बराच काळ दिसेनासा होतो. भारतीयांनी इंग्रज स्त्रीवर केलेला अत्याचार हे साम्राज्याचे रूपक व्हावे, यावर सलमान रश्दी यांनी १९८४ मध्येच आक्षेप घेतला होता. तो आक्षेप मान्य करूनही, प्रेमाच्या आत वंश कसा शिरतो हे या मालिकेने दाखविले, असे म्हणावे लागते.

बोलणारा वंश

‘ईआर’ या रुग्णालयीन मालिकेच्या पाचव्या पर्वात (१९९८-९९) डॉ. बेंटन व डॉ. कॉर्डे यांचा संबंध संपविण्यात आला, तो बेंटनची भूमिका करणारे एरिक ला साल यांच्या आग्रहामुळे. कृष्णवर्णीय स्त्रियांशी असलेले बेंटनचे संबंध बिघडलेले आणि श्वेतवर्णीय स्त्रीशी असलेला तेवढा सुदृढ, या मांडणीला त्यांची हरकत होती. एका जोडप्याचे चित्रण शेजारच्या दुसऱ्या चित्रणांसह वाचावे लागते, हे या हरकतीतून लक्षात येते.

‘स्कँडल’ (२०१२-२०१८) या मालिकेत ऑलिव्हिया पोप ही कृष्णवर्णीय नायिका आणि विवाहित श्वेतवर्णीय राष्ट्राध्यक्ष यांचा गुप्त संबंध आहे. दुसऱ्या पर्वात ती स्वतःची तुलना राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या मालकीची गुलाम स्त्री सॅली हेमिंग्ज हिच्याशी करते. त्याला ही तुलना आपल्या प्रेमाचा अपमान वाटते. तिच्यासाठी जो इतिहास आहे, तो त्याच्यासाठी केवळ आरोप आहे. प्रसंग लहान असला तरी दोघांच्या खांद्यांवरील ओझे सारखे नाही, हे त्यात उघड होते.

अलंकार झालेला वंश

‘ब्रिजर्टन’मध्ये (२०२० पासून) एका राजाने कृष्णवर्णीय राणीवर प्रेम केले आणि समाजातील वर्णभेद मिटला, असे गृहीतक आहे. त्यामुळे पुढील जोडप्यांना वंशाविषयी बोलण्याची गरजच उरत नाही. दुसऱ्या पर्वात (२०२२) शर्मा कुटुंब मुंबईहून १८१४ च्या लंडनमध्ये येते. आईच्या विवाहाला तिच्या माहेरचा विरोध होता, तो पती कारकून म्हणून. वंशाची जागा येथे दर्जाने घेतली आहे. एडविनाच्या गुणवर्णनात फ्रेंच, लॅटिन यांच्या पंक्तीत मराठीही येते. त्याच घरात ‘आप्पा’, ‘दीदी’ आणि बंगाली ‘बोन’ अशी संबोधने एकत्र नांदतात.

मराठी वाचकाला या उल्लेखाने क्षणभर आनंद होईल. परंतु १८१४ हे दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धानंतरचे आणि पेशवाईच्या अस्तापूर्वी अवघी चार वर्षे असलेले साल आहे. मराठी जाणणारी तरुणी ज्या लंडनमध्ये वर शोधते, तेथूनच कंपनीचा कारभार चालत होता. केट आणि अँथनी यांच्या प्रेमावर या वास्तवाची सावली पडत नाही. ही स्वप्नरंजक कथा आहे आणि सावळ्या नायिकेलाही निर्भेळ प्रेमकथेचा हक्क आहे, हा युक्तिवाद रास्त आहे. मात्र तो हक्क तिच्या इतिहासाच्या विस्मरणाच्या अटीवर मिळत असेल, तर त्याची किंमतही नोंदविली पाहिजे.

समारोप

वरील मालिकांवरून असे दिसते की, पडद्यावरील उपस्थिती म्हणजे स्वीकार नव्हे. हरी कुमारचे मौन सत्तेकडे बोट दाखविते. ‘ब्रिजर्टन’चे मौन ती सत्ता दृष्टीआड करते. काळाने पुढची कलाकृती विचारानेही पुढचीच असते, हा समज त्यामुळे टिकत नाही. अशा मालिकांचे मूल्यमापन करताना जोडप्यांची संख्या मोजण्याऐवजी त्यांच्यातील न बोललेल्या गोष्टींचे कारण शोधणे, हा अधिक विश्वसनीय निकष ठरेल.