आजोबांची हिब्रू, नातवाची ग्रीक
ज्यू धर्मशास्त्राने बाहेर ठेवलेल्या ग्रंथांपैकी बेन सिराचा ग्रंथ मला जवळचा वाटतो, तो त्याच्या नातवामुळे. आजोबांनी इ. स. पूर्व १८०च्या सुमारास जेरुसलेमात हिब्रूत नीतिवचने लिहिली. इजिप्तला आलेल्या नातवाने ती ग्रीकमध्ये नेली आणि मूळ भाषेतले बळ भाषांतरात उरत नाही, म्हणून प्रस्तावनेतच वाचकांची क्षमा मागितली. घरी एक नि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या आपणांस हे वेगळे सांगायला नको. आजोबांच्या उपदेशाहून (स्त्रियांविषयी तर ते फारच कडवट!) हा प्रांजळपणा मला मोलाचा वाटतो. पुढे हिब्रू मूळ दिसेनासे झाले. १८९६ साली केंब्रिजात शेख्टर यांनी त्याचे एक जीर्ण पान ओळखले. शेवटचे कवन कुमरानच्या गुहेतल्या गुंडाळीत मिळाले. त्याच्या ओळी हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने सुरू होतात. नातवाच्या ग्रीकमध्ये तो क्रम नाही.