दोन मोजण्यांमधला चौक

नागपूरच्या झिरो माईलवर आजवर जे लिहिले गेले, ते बहुतेक एकाच वाक्यापाशी येऊन थांबते : हा भारताचा मध्यबिंदू. शाळेच्या सहलीत हेच सांगतात, पर्यटनाच्या पत्रकांत हेच छापतात आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत दर दोन-तीन वर्षांनी हेच नव्या छायाचित्रासह येते. या वाक्याने दोन नुकसाने झाली. एक, तो दगड खरोखर काय सांगतो हे वाचण्याची गरज कुणाला वाटेनाशी झाली. दुसरे अधिक मोठे. त्याच परिसरात जे दुसरे स्मारक उभे आहे, ते या मध्यबिंदूच्या कौतुकात बाजूला पडले. ते स्मारक गोवारींचे आहे. या लेखात दोन्ही एकत्र वाचायची आहेत, कारण माझ्या मते ती एकाच इतिहासाची दोन टोके आहेत.

आधी दगड. १९०७ हे साल असलेला तो दगड म्हणजे भूमापनाचा प्रमाण 'बेंचमार्क' आहे. एखाद्या ठिकाणाची समुद्रसपाटीपासूनची उंची एकदा काटेकोर ठरवायची, तिथे कायमची खूण करायची आणि मग आसपासच्या मुलखातली प्रत्येक उंची त्या खुणेवरून काढायची, असे हे काम. इथली उंची १०२०.१७१ फूट अशी दिली जाते. दशांशचिन्हानंतर तीन अंक आहेत, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्यांचा संबंध येणार आहे. शेजारी वालुकाश्माचा स्तंभ आहे, चार घोडे आहेत, आणि हैदराबाद, चांदा, जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची मैलांतली अंतरे आहेत. हैदराबाद ३१८ मैल, चांदा १२५, जबलपूर १७०. ही अंतरे एका प्रांताच्या राजधानीहून निघणाऱ्या रस्त्यांची आहेत. सगळ्या देशाची अंतरे इथून मोजली जात, या समजुतीला त्यांत आधार सापडत नाही. भौगोलिक मध्याचा मान तर आज मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यातील करौंदी या गावाला देतात.

मध्यबिंदूची कथा बाजूला ठेवली म्हणून दगडाचे महत्त्व कमी होत नाही. उलट तो नीट दिसू लागतो. त्याच्या डोक्यावर सीताबर्डीचा किल्ला आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी त्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली. १८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि त्यासोबत आमचा भंडाराही कंपनीकडे गेला. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. मुलूख हातात आला की तो मोजावा लागतो. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे काम विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासहून सुरू केले होते, आणि तो १८२३ मध्ये वारला तो आपल्या हिंगणघाटलाच. सारा ठरवण्यासाठी, सडका आखण्यासाठी, फौज हलवण्यासाठी जमीन कागदावर आणावी लागे. झिरो माईलचा दगड हा त्या दीर्घ उद्योगाचा एक चोख, शांत अवशेष आहे.

पण जमीन मोजणारे राज्य माणसेही मोजत होते. दगड १९०७ चा. त्यानंतर चार वर्षांनी, १९११ ची शिरगणती झाली. आणखी पाच वर्षांनी, १९१६ मध्ये, रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ आला. प्रत्येक जातीला एक नोंद, प्रत्येक नोंदीत पोटभेद, चालीरीती, उत्पत्तीच्या दंतकथा. त्यात गोवारींची नोंद आहे. गुरे राखणारी जात असे त्यांचे वर्णन आहे आणि 'गोंड गोवारी' हा त्यांचा एक पोटभेद सांगितला आहे. ग्रंथ परिश्रमाचा आहे. आजही तो हाताशी असल्याशिवाय आमच्या भागावर काही लिहिता येत नाही. मात्र उंचीचा आकडा जसा दगडावर कोरला, तशी माणसांची ओळख कोरता येते असा एक विश्वास त्याच्यामागे होता. गावात राहणाऱ्याला तो विश्वास पटणे कठीण जाते.

गावातली स्थिती वेगळी होती. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या झाडीपट्टीत गुरे चारणाऱ्याला 'गायकी' म्हणतात. सकाळी गावाची गुरे ज्या मोकळ्या जागी गोळा होतात तो 'आखर'. गायकीचे मोल वर्षाकाठी धान्यात ठरायचे. दिवाळी हा त्याचा सण. लक्ष्मीपूजनानंतर गायगोधन होते, गुरे रंगवून, सजवून आखरावर आणली जातात, गोवारी ढालीचे पूजन करतात आणि गावभर नाचत फिरतात. एरवी वर्षभर गावाच्या कडेने चालणारा माणूस त्या दिवशी गावाच्या मधोमध असतो. आखर हाच त्याचा चौक. तिथे त्याला आपण कोण हे कागदाने सिद्ध करावे लागत नव्हते.

कागदाची गरज पडली ती स्वातंत्र्यानंतर. अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरते. महाराष्ट्राच्या यादीत गोंडांच्या पोटगटांमध्ये 'गोंड गोवारी' हे नाव आहे. ती एकच जमात, की गोंड आणि गोवारी अशी दोन नावे शेजारी आली, की गोवारींनाच उद्देशून ते लिहिले गेले, या प्रश्नावर पुढचा सगळा संघर्ष उभा राहिला. १९८५ च्या शासननिर्णयाने गोवारी आणि गोंड गोवारी यांत भेद केला, आणि दाखल्यांचा रस्ता अडला. आमच्याकडे आजही लोक म्हणतात की सगळा घोळ एका स्वल्पविरामाचा आहे. कायद्याच्या दृष्टीने हे फार सोपे करून सांगणे झाले. पण ज्याच्या मुलाचा वसतिगृहातला प्रवेश त्या दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर अवलंबून होता, त्याला ते तसेच दिसणार.

२३ नोव्हेंबर १९९४. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच झाली होती, म्हणजे गायगोधन आटोपून तीन आठवडेही झाले नव्हते. नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू होते. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतून हजारो गोवारी विधानभवनावर मोर्चा घेऊन आले. गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच होता. तो वेगळा जिल्हा झाला १९९९ मध्ये. मोर्चा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटजवळ अडवण्यात आला. निवेदन घ्यायला मंत्री येतील म्हणून लोक वाट पाहत राहिले. संध्याकाळी गर्दी पुढे सरकली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, पळापळ झाली आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसे मेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. जखमींची संख्या शेकड्यांत होती.

पुढचे थोडक्यात. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्याच्या अहवालातून कुणा व्यक्तीवर दोष आला नाही. १९९५ मध्ये विशेष मागास प्रवर्ग करून दोन टक्के आरक्षण देण्यात आले, त्यात गोवारी आले. मागणी मात्र अनुसूचित जमातीच्या दाखल्याची होती. झिरो माईलजवळ स्मारक उभे राहिले. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल असे नाव मिळाले.

इथे 'शहीद' या शब्दाशी थांबले पाहिजे. सरकारी भाषेत ११४ जण चेंगराचेंगरीतले मृत आहेत. समाजाने त्यांना शहीद म्हटले. या नामकरणात मोठा स्वाभिमान आहे. मृत हा अपघाताचा असतो. शहीद हा काही मागण्यासाठी निघालेला असतो. कडेवर पोर घेऊन नागपूरला आलेली बाई गर्दीत सापडली एवढेच तिचे चरित्र नव्हते, ती हक्क मागायला आली होती, हे त्या शब्दाने नोंदवले. म्हणून तो शब्द योग्यच आहे. पण त्याची एक किंमतही आहे. शहीद प्राण देतो. ज्याने प्राण दिले त्याचे प्राण कुणी घेतले, हा प्रश्न वाक्याच्या रचनेतूनच नाहीसा होतो. मोर्चा दिवसभर का ताटकळला, वाट कुठून मोकळी होती, लाठीचा हुकूम कुणाचा, हे प्रश्न श्रद्धांजलीच्या भाषणात बसत नाहीत. स्मारकाला हार घालायला सगळ्यांना येता येते, तेही याच कारणाने. समाजाने अभिमानाने निवडलेला शब्द शासनालाही सोयीचा ठरला.

मुंबईच्या हुतात्मा चौकाशी तुलना केली की हे स्पष्ट होते. तिथेही दोन स्मारके जवळजवळ आहेत : १८६४ चे फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचे स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी तिथे गोळीबार झाला, पुढच्या जानेवारीत आणखी माणसे मारली गेली. हुतात्मे १०५ की १०६, यावरही आपल्याकडे चर्चा झाली. त्यांच्या नावांच्या याद्या छापल्या गेल्या. दर वर्षी २१ नोव्हेंबरला राज्यकर्ते तिथे मानवंदना देतात. ते सहज होते, कारण हुतात्म्यांनी मागितलेले राज्य १ मे १९६० रोजी मिळाले आणि मानवंदना देणारे त्याच राज्याचे कारभारी आहेत. मागणी पुरी झालेले ते स्मारक आहे. त्यानंतर दोनच दिवसांनी, २३ नोव्हेंबरला, झिरो माईलला गोवारी जमतात. त्यांचे स्मारक मागणी पुरी न झालेले आहे. अधिवेशन नागपुरात भरते ते विदर्भाला महाराष्ट्रात घेताना १९५३ च्या नागपूर करारात दिलेल्या आश्वासनामुळे. तेव्हा त्या मोर्चाची वाटदेखील संयुक्त महाराष्ट्रानेच आखून दिली होती, असे म्हणावे लागते.

आणि मागणी किती अपुरी राहिली, हे न्यायालयांनी दाखवले. १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. गोंड गोवारी ही स्वतंत्र जमात १९११ पूर्वीच नामशेष झाली होती, म्हणून यादीतले नाव गोवारींचेच समजावे, असा त्याचा आशय. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला : गोवारी आणि गोंड गोवारी वेगळे, आणि यादीतल्या नोंदीचा अर्थ न्यायालयाने वाढवायचा नाही. यादी बदलण्याचा अधिकार संसदेचा. दोन्ही निकालांची चर्चा शंभर वर्षांपूर्वीच्या शिरगणतीपर्यंत आणि जातींच्या त्या जुन्या नोंदींपर्यंत मागे जाते. म्हणजे दगड रोवणाऱ्या पिढीने माणसांची जी मोजणी केली, तिचाच आधार २०२० मध्येही घ्यावा लागला. गोवारी ज्या विधानभवनाकडे निघाले होते, त्या सभागृहाच्या हाती फार तर शिफारस होती, हेही विसरू नये. जवळच्या रिझर्व्ह बँक चौकाला आता संविधान चौक म्हणतात. तिथे बाबासाहेबांचा पुतळा आहे. मधल्या त्या थोड्या अंतरात एका समाजाचा पाऊणशे वर्षांचा प्रवास अडकलेला आहे.

अलीकडे या परिसराला नवे रूप आले. २०२१ मध्ये मेट्रोचे झिरो माईल फ्रीडम पार्क स्थानक सुरू झाले. बगिचा झाला, रोषणाई झाली. त्याविषयी तक्रार नाही; चौक स्वच्छ असावा, लोकांनी तिथे बसावे. पण नाव कशाला दिले जाते हे पाहावे. स्थानकाला दगडाचे आणि स्वातंत्र्याचे नाव मिळाले. गोवारींचे नाव पुलाला मिळाले, आणि बोलताना सगळे सीताबर्डीचा पूल एवढेच म्हणतात. स्थानकावर माणूस उतरतो, थांबतो, पाटी वाचतो. पुलावरून गाडी अर्ध्या मिनिटात जाते.

स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांनी याबाबतीत काय करावे? पुतळा कुणी बसवला, कोनशिला कुणाच्या हस्ते, एवढ्यावर चौकाचा इतिहास संपवू नये. भंडाऱ्यातल्या चौकांवरही आपण असेच लिहीत आलो आहोत. झिरो माईलपुरते एक काम समोर आहे आणि ते आपल्या जिल्ह्यातूनच सुरू होऊ शकते. १९९४ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज चाळिशी ओलांडून गेले आहे. तेव्हाची चाळिशीची माणसे सत्तरीपलीकडे आहेत. पवनी, लाखांदूर, साकोली, लाखनी, तुमसर, मोहाडी आणि भंडारा तालुक्यांतल्या गावागावांत जाऊन त्या मोर्चाला गेलेल्यांचे जबाब लिहून घ्यायला हवेत : गावातून किती जण निघाले, कशाने गेले, शिदोरी काय होती, कुणी निरोप आणला, प्रेत गावात कधी पोचले, त्या वर्षीनंतर आखरावर गायगोधन कसे झाले. ११४ जणांची नाव, वय, गाव अशी यादी शाळेच्या मुलांना मराठीत सहज मिळेल अशी छापली पाहिजे. आयोगाचा अहवाल आणि दोन्ही निकालांचे मराठी सार तिच्यासोबत असावे.

हे काम फार खर्चाचे नाही. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. दगडाची उंची फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत ठाऊक असणाऱ्या त्या चौकात, मेलेली माणसे कोणत्या गावांहून किती मैल चालून-बसून आली होती, तेवढी तरी अंतरे लिहिलेली असावीत.