२९ रसायनांचं मिश्रण: प्रश्न योग्य, पण उत्तर कितपत?

विषविज्ञानाच्या पुस्तकात बहुतेक वेळा एका प्रकरणात एक रसायन असतं. आपल्या रक्तात मात्र तसं नसतं. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातले पीसीबी, डीडीटीपासून बनणारं डीडीई, इलेक्ट्रॉनिक्स आणि फर्निचरमधली आगरोधक ब्रोमिनयुक्त संयुगं, डाग न धरणाऱ्या कापडातून आणि आग विझवायच्या फेसातून आलेली पीएफएएस, हे सगळं थोडं थोडं एकत्रच फिरत असतं. मग 'पीएफओएसने टी-पेशींवर काय होतं?' हा प्रश्न अपुरा पडतो. खरा प्रश्न असा, की या सगळ्यांचं मिळून काय होतं?

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. फॅरो बेटांवरच्या मुलांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. पाचव्या वर्षी ज्या मुलांच्या रक्तात प्रमुख पीएफएएस दुप्पट होती, त्यांच्यात धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसीमुळे तयार होणारी अँटिबॉडी सातव्या वर्षी एकूण ४९ टक्के कमी आढळली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२० साली चार पीएफएएस मिळून आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे ४.४ नॅनोग्रॅम ही मर्यादा ठरवली, तीही लसीला मिळणारा प्रतिसाद कमी होतो या आधारावर. पण ही मुलं फक्त पीएफएएस घेऊन जगत नव्हती. फॅरोमध्ये पायलट व्हेलची चरबी खाल्ली जाते, त्यातून पीसीबीही येतात. लोकसंख्येच्या अभ्यासात संख्याशास्त्र वापरून यांना वेगळं करता येतं, पण एका मर्यादेपर्यंतच. म्हणून आपण प्रयोगशाळेकडे वळतो.

इथे नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१७ साली मांडलेला आराखडा महत्त्वाचा आहे. त्यांनी २९ टिकाऊ प्रदूषकं घेतली आणि स्कँडिनेव्हियातल्या लोकांच्या रक्तात ती ज्या प्रमाणात सापडतात त्याच प्रमाणात मिसळली. शिवाय क्लोरिनयुक्त, ब्रोमिनयुक्त आणि पर्फ्लोरिनयुक्त असे तीन गट करून प्रत्येक गट वेगळा, दोन-दोन गटांच्या जोड्या आणि सगळं एकत्र, अशी ७ मिश्रणं केली. मला हा आराखडा मनापासून आवडतो. एक तर प्रमाण हवेतून आलेलं नाही, माणसाच्या रक्तातून आलेलं आहे. दुसरं म्हणजे एक गट काढला की परिणाम जातो का, हे बघता येतं. 'मिश्रणाचा परिणाम' म्हणून दिसतंय ते प्रत्यक्षात एकट्या पीएफओएसचं काम आहे का, ही शंका अशाच रचनेत तपासता येते.

पण अशा मिश्रणात रक्तातून वेगळ्या केलेल्या पांढऱ्या पेशी (पीबीएमसी) ठेवून 'रोगप्रतिकारशक्ती कमी झाली' म्हणणारा पेपर हातात आला, तर लगेच मान डोलवू नका. माझे चार आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप 'पट' या शब्दावर. पेपरात लिहितात, रक्तातल्या पातळीच्या १० पट, १०० पट. वाचायला सोपं वाटतं. पण रक्तद्रव्यात दर लिटरमध्ये सुमारे ४० ग्रॅम अल्ब्युमिन असतं आणि पीएफओएस त्याला घट्ट चिकटतं. १० टक्के बोवाइन सीरम घातलेल्या माध्यमात अल्ब्युमिन जेमतेम काही ग्रॅम असतं. म्हणजे एकूण प्रमाण 'एक पट' असलं तरी पेशीला भेटणारा मोकळा भाग कितीतरी जास्त. उलट बाजूला पीसीबीसारखी तेलात विरघळणारी रसायनं प्लेटच्या प्लॅस्टिकलाच जाऊन चिकटतात, आणि पेशीला कमी मिळतात. थोडक्यात, बाटलीत जे गुणोत्तर होतं ते पेशीपाशी तसंच राहत नाही. मिश्रणाचा आधारच गुणोत्तर असेल, तर हा आक्षेप किरकोळ नाही. माध्यमातली किंवा पेशीतली पातळी प्रत्यक्ष मोजली आहे का, हे आधी शोधा.

दुसरा आक्षेप वेळेचा. पीएफओएसचं माणसाच्या रक्तातलं अर्धायुष्य सुमारे ५ वर्षं. प्रयोग बहुधा २४ ते ७२ तासांचा. आणि अजून एक गंमत: रक्तदाता स्वतः हीच रसायनं अंगात घेऊन जगतोय. त्याच्या पेशी धुऊन घेतल्या तरी त्या घडल्या याच मिश्रणात. म्हणजे आपलं 'शून्य डोस' कंट्रोल खऱ्या अर्थाने शून्य नाही.

तिसरा आक्षेप 'सिनर्जी' या शब्दाचा. इथे मी स्वतः आपटलोय, म्हणून जरा सविस्तर. माझ्या पहिल्या प्रपोजलमध्ये मी लिहिलं होतं: अ चा परिणाम १० टक्के, ब चा १० टक्के, मिश्रणाचा ४० टक्के, म्हणून सिनर्जी. समितीतल्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "अ आणि ब एकच रसायन असेल तर?" मी गप्प. डोस आणि परिणामाची रेघ सरळ नसते, एस आकाराची असते. एका डोसला १० टक्के आणि दुप्पट डोसला ४० टक्के हे एकाच रसायनाच्या बाबतीत सहज होऊ शकतं. रसायन स्वतःशीच सिनर्जी करत नाही! म्हणून अपेक्षित परिणाम आधी काढावा लागतो: सारख्या मार्गाने काम करणाऱ्या रसायनांसाठी लोव्हेची डोस-बेरीज, स्वतंत्र मार्गांनी काम करणाऱ्यांसाठी ब्लिसचं मॉडेल. हे न करता 'सिनर्जी' लिहिलं असेल तर तो शब्द खोडून वाचा. आणि सिनर्जी नसली म्हणून निष्कर्ष फिका पडत नाही. २००२ साली लंडनच्या गटाने दाखवलं होतं, की इस्ट्रोजेनसारखी वागणारी आठ दुर्बळ रसायनं, प्रत्येक एकेकट्याने परिणाम न दाखवणाऱ्या पातळीला, एकत्र आल्यावर स्पष्ट परिणाम देतात. ती साधी बेरीज होती. काळजी करायला बेरीज पुरेशी आहे.

चौथा आक्षेप मोजण्याचा. सायटोकाइन कमी झालं, म्हणजे पेशी दबली की मेली? त्याच वेलमधल्या जिवंत पेशींचं मोजमाप शेजारी नसेल तर सांगता येत नाही. एका दात्याच्या पेशी तीन वेलमध्ये टाकल्या म्हणजे एन बरोबर ३ होत नाही. एन म्हणजे दाते, आणि दात्यादात्यांत फरक प्रचंड असतो. शिवाय पीबीएमसीमध्ये न्यूट्रोफिल जवळपास नसतात आणि लसीका ग्रंथीची रचनाही नसते. लसीचा प्रतिसाद तर तिथेच घडतो. त्यामुळे प्लेटमधल्या आयएल-२ वरून थेट फॅरोच्या मुलांपर्यंत उडी मारता येत नाही.

मग असे प्रयोग करूच नयेत का? करावेत. मुलांवर आपण प्रयोग करू शकत नाही, आणि हजारो जोड्या प्राण्यांवर तपासणंही शक्य नाही. पेशींवरचे प्रयोग कुठला गट जबाबदार आहे आणि कुठल्या मार्गाने, हे सुचवतात. ते 'पुरावा' म्हणून नव्हे, 'पुढे कुठे शोधायचं' म्हणून वाचावेत.

शेवटचा मुद्दा, आपल्यापैकी जे इथे असा प्रकल्प लिहिणार आहेत त्यांच्यासाठी. तो २९ चा संच स्कँडिनेव्हियाच्या रक्ताचा आहे, तोही एका काळातला. भारतात डीडीटी डासनियंत्रणासाठी दीर्घकाळ वापरलं गेलं. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली ती २०११ साली. आपल्या रक्तातलं गुणोत्तर तेच असेल असं धरायला काहीच आधार नाही. तयार मिश्रणाची यादी कॉपी करून प्रपोजलमध्ये टाकणं सोपं आहे, आणि परीक्षक कदाचित विचारणारही नाहीत. पण 'हे मिश्रण कोणाच्या रक्तातलं?' हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारला, तर प्रकल्पाची पहिली पायरी पेशींवरचा प्रयोग राहत नाही. ती असते इथल्या रक्ताचं मोजमाप. काम वाढेल, हे खरं. पण मग उत्तरही इथल्या माणसांबद्दलचं असेल.