द्राक्षमळा आणि उसाचा फड

भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेत एक अशी गोष्ट आहे की, तिच्यातील मौज मराठी ख्रिस्ती समाजाने अद्याप पुरती चाखलेली दिसत नाही. 1910–11 च्या सुमारास गिरगावातील एका चित्रगृहात धुंडिराज गोविंद फाळके यांनी ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला, आणि पडद्यावर येशूची मूर्ती सरकत असता आपल्या अंतश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. त्या दर्शनाचे फळ म्हणजे 3 मे 1913 रोजी मुंबईत प्रदर्शित झालेला ‘राजा हरिश्चंद्र’. परकीय भूमीतील कथा पाहून फाळक्यांना आपली भूमी आठवली. ज्या मराठी माणसांची त्याच कथेवर श्रद्धा होती, त्यांना मात्र ती पाहताना पॅलेस्टाइनच आठवत राहिले, आणि माझ्या मते मराठीतील ख्रिस्ती चित्रपटकलेची सारी दुर्बलता या एका फरकात आहे.

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावी, अथवा त्याच्या पंचक्रोशीतील एखाद्या ख्रिस्ती वस्तीत, ‘ख्रिस्ती चित्रपट’ म्हटल्यावर माणसांच्या डोळ्यांपुढे काय येते याचा विचार करावा. एक तर 1979 चा, लूकच्या शुभवर्तमानावर बेतलेला आणि दोन हजारांहून अधिक भाषांत ध्वनिमुद्रित झालेला ‘जीझस’. दुसरा मूळचा तेलुगू ‘करुणामयुडु’ (1978), जो ‘दयासागर’ या नावाने हिंदीत उतरला आणि फिरत्या पथकांनी खेडोपाडी चादरीवर दाखविला. दुसऱ्यात निदान माणसांची कांती आणि अश्रू आपल्या देशाचे आहेत. पहिल्याविषयी एवढेच म्हणावे की, ओठ एका भाषेत हलतात आणि शब्द दुसऱ्या भाषेत येतात, तेव्हा श्रोता उपदेश ऐकतो, पण माणूस पाहत नाही. दोन्ही चित्रपटांचा हेतू येशूचे चरित्र सांगणे हा असल्याने, ते चरित्र ऐकून घरी परतलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी मुकादमाशी, बायकोशी, लेकराशी कसे वागावे, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेरच राहतो.

तो प्रश्न कक्षेत आणण्याचा यत्न अमेरिकेत झाला आहे. जॉर्जिया संस्थानातील ऑल्बनी येथील एका बाप्टिस्ट मंडळीने, केंड्रिक बंधूंच्या नेतृत्वाखाली, 2003 साली जुन्या मोटारी विकणाऱ्या एका लबाड व्यापाऱ्याच्या पश्चात्तापाची कथा ‘फ्लायव्हील’ या नावाने चित्रित केली. 2008 साली आला ‘फायरप्रूफ’, ज्यात आगीतून परक्यांचा जीव वाचविणारा अधिकारी स्वतःचा संसार जळताना पाहतो. 2011 साली ‘करेजस’, पोलिसांच्या पितृकर्तव्याविषयी. मंडळीतील हौशी माणसांनी कामे केली, सुमारे 5 लाख डॉलरांत ‘फायरप्रूफ’ उभा राहिला आणि त्याने 3 कोटी डॉलरांहून अधिक मिळविले. धंदा, विवाह, अपत्यसंगोपन यांना शास्त्रवचनाच्या कसोटीवर घासून पाहण्याची ही प्रतिज्ञा प्रामाणिक आहे, यात संशय नाही. परंतु या चित्रपटांत सद्वर्तनाचा मोबदला फार लवकर आणि फार रोख मिळतो. व्यापारी खरे बोलू लागला की गिऱ्हाइकांची रीघ लागते. नवऱ्याने एका पुस्तकातील चाळीस दिवसांचा नेम पाळला की बायको परत येते. ईयोबाच्या पुस्तकाने जो हिशेब मोडीत काढला, तोच येथे नव्या वहीत पुन्हा मांडलेला दिसतो. या नमुन्याची नक्कल करणारे आपल्याकडील लघुपट हल्ली भ्रमणध्वनीवर हातोहात फिरतात: दारू पिणारा बाप, रडणारी आई, पाळकांचे आगमन, प्रार्थना, आणि शेवटच्या दोन मिनिटांत सारे आलबेल. (दारू सुटणे ही गोष्ट ज्यांनी घरात पाहिली आहे, त्यांना ती दोन मिनिटांत सुटत नाही हे सांगावयास नको.)

आता उमापूरच्या परिसरातील वस्तुस्थिती पाहा. दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील लक्षावधी माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. नवरा आणि बायको मिळून ‘एक कोयता’ अशी त्यांची गणना होते. कामाचा करार कुटुंबाशी नसून त्या हत्याराशीच झाला असावा, असा हा व्यवहार. मुकादम कारखान्याकडून पैसा उचलतो, त्यातून कोयत्याला उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत जोडपे थंडीवाऱ्यात कोपीत राहून ऊस तोडते, मोळ्या बांधते, अपरात्री गाडी भरते. एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो आणि तो हिशेबातून कापला जातो. या खाड्याच्या धाकाने किती स्त्रियांनी तरुणपणीच गर्भाशय काढून घेतले याची चौकशी करण्यासाठी 2019 साली शासनाला समिती नेमावी लागली. मुलांची शाळा हंगामात सुटते. म्हातारी माणसे गावात मागे राहतात.

या माणसांपुढे मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दृष्टान्त ठेवला, तर तो त्यांना परका वाटण्याचे कारण नाही. चौकात कामाची वाट पाहत उभे राहणारे मजूर, त्यांना वेगवेगळ्या प्रहरी बोलावणारा धनी, सायंकाळी मजुरी वाटणारा कारभारी, आणि उशिरा आलेल्यासही पूर्ण मजुरी मिळालेली पाहून कुरकुरणारे पहाटेचे कामकरी: हे सारे त्यांना नावागावासह ओळखता येईल. मात्र एका ठिकाणी ते अडतील. दृष्टान्तात पैसा कामानंतर येतो. येथे तो आधी आलेला असतो आणि लग्नात, दवाखान्यात किंवा जुन्या देण्यात सरलेलाही असतो. उमापूरच्या माणसाची सायंकाळ मजुरीची नसून फेडीची असते. म्हणून त्याच्या जीवनाला अधिक भिडणारा दृष्टान्त अठराव्या अध्यायातील आहे: राजाने अगणित कर्ज माफ केलेला सेवक बाहेर येऊन आपल्या सोबत्याचा, क्षुल्लक रकमेसाठी, गळा धरतो. तो सेवक म्हणजे मुकादमच. कारखान्याचा ऋणको आणि मजुराचा धनको अशा दोन दगडांच्या मध्ये सापडलेला, बहुधा त्याच गावचा, कधी त्याच भावकीचा हा माणूस आजवरच्या ग्रामीण चित्रपटांत खलनायक म्हणूनच आला. त्याला रविवारी उपासनेत बसलेला दाखवावा आणि सोमवारी पळालेल्या कोयत्याच्या बापाच्या दारात तगादा करताना दाखवावा. बाकी भाष्याची गरज उरणार नाही.

येशूने दृष्टान्त सांगितले ते अशाच पद्धतीने. त्यांत शेतकरी, कारभारी, पीठ मळणारी स्त्री, हरवलेले नाणे शोधण्यासाठी घर झाडणारी गृहिणी येते, आणि बहुतेक ठिकाणी निष्कर्ष ऐकणाऱ्यावर सोपविलेला असतो. उधळ्या मुलाच्या कथेत थोरला भाऊ शेवटी घरात गेला की नाही, हे लूक सांगत नाही. आपले चित्रपटकार मात्र त्याला हटकून आत नेतात, मिठी मारावयास लावतात आणि वर पार्श्वसंगीत घालतात.

ही कला मराठीस अपरिचित होती असेही नाही. थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली रायतूरला छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त ओवी निवडली, ती ऐकणाऱ्याच्या कानाला सवय असलेली म्हणून. उमापुरापासून फार दूर नसलेल्या पैठणात एकनाथांनी भारुडात जोशी, वासुदेव, गोंधळी अशा रोज दारात येणाऱ्या माणसांच्या तोंडून वेदान्त बोलविला. पश्चिमेस शेवगावकडे निघाले की 1831 पासून अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र झालेल्या अहमदनगरचा (आताच्या अहिल्यानगरचा) मुलूख लागतो, जेथे ‘ज्ञानोदय’ 1842 साली निघाला आणि जेथे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा बहरली. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी टाळमृदंग आणि अभंग उपासनेत आणून ती परंपरा शिखरास नेली. कीर्तनकार आख्यान लावताना गावातल्या सावकाराचा आणि सासुरवाशिणीचा दाखला देतो, बोध कथेच्या ओघात येतो आणि श्रोते हसतात तेथेच तो लागतो. ही तालीम पडद्याकडे का वळली नाही याचे मला नवल वाटते.

कौटुंबिक जीवनातील धर्माचे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रण तर नारायण वामनांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात करून ठेवले आहे. नवऱ्याने 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर वर्षानुवर्षे दूर राहिलेली, नंतर त्याच छताखाली आपले सोवळे सांभाळणारी, आणि स्वतःच्या विचाराने 1900 साली त्या धर्मात आलेली ही स्त्री कोणत्याही पानावर उपदेश करीत नाही. हातात दमडी टिकू न देणाऱ्या पतीची भूतदया तिला भांड्यांच्या आणि धान्याच्या हिशेबात भोगावी लागते, आणि ती ते हसत सांगते. विजया मेहता यांनी त्यावर केलेल्या चित्रपटास 1982 च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. तो ख्रिस्ती संस्थेने काढलेला नव्हता, आणि कदाचित म्हणूनच तो इतका मोकळा आहे. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (1936) मध्येही विठ्ठलभक्तीचे मोजमाप जिजाईच्या रिकाम्या डब्यांवर होते. जिजाई गप्प बसली असती, तर तुकाराम निव्वळ पुतळा राहिला असता. एर्मान्नो ओल्मी यांच्या ‘द ट्री ऑफ वुडन क्लॉग्ज’ला (1978) कान येथे सर्वोच्च पारितोषिक लाभले, त्यात लोम्बार्दीतील शेतकऱ्यांनी स्वतःच भूमिका केल्या आहेत: शाळेत जाणाऱ्या मुलाच्या खडावांसाठी बाप धन्याचे एक झाड चोरून तोडतो आणि त्यापायी कुटुंब बेघर होते. गाडी निघते तेव्हा शेजारी प्रार्थना करतात, पण धनी विरघळत नाही.

मराठवाड्यात असा चित्रपट काढावयाचा तर अडचण केवळ पैशाची नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्यास मिळत नाहीत. त्यामुळे अनेक घरांत दप्तरातील धर्म एक आणि उंबरठ्याच्या आतील धर्म दुसरा, अशी वहिवाट पडली आहे. दाखल्यावरील नाव, भिंतीवरील क्रूस आणि मुलीची शिष्यवृत्ती यांच्या मध्ये उभा असलेला बाप सत्य बोलण्याची आज्ञा कशी पाळतो, याहून बिकट नैतिक पेच कोणत्या पटकथाकारास हवा? पण मंडळीच्या निधीतून निघणाऱ्या चित्रपटास हा विषय परवडत नाही, कारण मंडळीतच ती घरे बसलेली असतात; आणि बाहेरच्या निर्मात्यास तो सुचत नाही, कारण त्याच्या लेखी ख्रिस्ती माणूस म्हणजे अजूनही गोव्याचा किंवा वांद्र्याचा. तोवर निदान संहिता लिहिल्या जाव्यात, आणि त्या तपासावयास पाळकांऐवजी हंगामावरून परतलेल्या एखाद्या कोयत्याला बसवावे.